सलग रन घेताना ट्यूब मध्येच थांबते? आधी उष्णतेचा हिशेब मांडा (सांगली-मिरजेकडच्या एक्स-रे तंत्रज्ञांसाठी धागा)

कृष्णाकाठ – सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

सांगली-मिरज पट्ट्यात अँजिओग्राफी, सी-आर्म (ऑपरेशनच्या वेळी वापरायचं फिरतं एक्स-रे मशीन) आणि तपासणी शिबिरांचं काम किती वाढलंय ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मिरजेला अथणी, जत, पंढरपूर, विजापूरकडून पेशंट येतात आणि दिवसाची यादी संपता संपत नाही. या गर्दीत एक प्रकार वारंवार दिसतो. पायाची किंवा पोटाची डीएसए (डाय जाण्याआधीचं चित्र नंतरच्या चित्रांतून वजा करून रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी) चालू असते, डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते आयोडीनचं औषध) आत गेलेला असतो, आणि ऐन वेळी ट्यूब तापल्याचा संदेश येऊन रन, म्हणजे सलग घेतलेल्या चित्रांची मालिका, तुटतो. मग सगळे हात बांधून उभे. आणि ट्यूब निवली की तोच डाय, तेच किरण, त्याच पेशंटला पुन्हा.

इंटरलॉक (ट्यूब तापली की किरण आपोआप बंद करणारी सोय) ट्यूब वाचवतो. पेशंटच्या मूत्रपिंडातून दोनदा गेलेला डाय तो परत काढून घेत नाही. म्हणून रन सुरू करण्याआधी 'हा रन शेवटापर्यंत जाईल का' हे तंत्रज्ञाला माहीत असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हिशेब अवघड नाही. आठवीतल्या मुलाला जमेल असा आहे. पण तो कुणी शिकवत नाही, आणि आपण ट्यूब किती तापली ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या टक्क्यांवर विसंबून राहतो.

मुळापासून सांगतो. ट्यूबला दिलेल्या विजेतली जेमतेम १ टक्का क्ष-किरण होऊन बाहेर पडते. बाकी ९९ टक्के म्हणजे नुसती उष्णता. ही उष्णता तीन ठिकाणी साठते आणि तिन्ही ठिकाणचं घड्याळ वेगळं आहे. पहिली जागा फोकल ट्रॅक, म्हणजे अॅनोडच्या चकतीवर जिथे इलेक्ट्रॉन आदळतात तो पट्टा. तिथला मामला मिलिसेकंदांचा. दुसरी जागा म्हणजे अख्खी चकती, तिचा हिशेब मिनिटांचा. तिसरी जागा हाउसिंग (ट्यूबभोवतीचं कवच) आणि त्यातलं तेल, तिथे हिशेब तासांचा. भाकरी करताना ज्योत जिथे लागते ती जागा, तवा आणि स्वयंपाकघर यांच्यात जो फरक, तोच इथे. ज्योत बंद केल्यावर तवा थोड्या वेळात निवतो, स्वयंपाकघर मात्र तासभर तापलेलंच असतं.

उष्णता मोजायची हीट युनिटमध्ये. सूत्र असं: केव्ही (ट्यूबवरचा दाब, किलोव्होल्टमध्ये) × एमएएस (एमए म्हणजे मिलिअँपिअरमधला प्रवाह गुणिले सेकंद) × गुणक. जुन्या सिंगल फेज मशीनला गुणक १. आजकालच्या हाय फ्रिक्वेन्सी जनरेटरला साधारण १.४. नव्या मशीनच्या पुस्तकात क्षमता ज्यूलमध्ये दिलेली असेल तर हा गुणक धरायचाच नाही, केव्ही × एमएएस हेच जवळपास ज्यूल.

आता दोन नेहमीचे फोटो घ्या. छातीचा फोटो १२० केव्ही, ४ एमएएस: सुमारे ६७० हीट युनिट. कंबरेच्या मणक्याचा बाजूचा फोटो ८५ केव्ही, ८० एमएएस: सुमारे ९,५००. म्हणजे मणक्याचे सात फोटो आणि छातीचे शंभर फोटो चकतीला सारखेच पडतात! 'आज शंभर पेशंट झाले, ट्यूब तापली असेल' हा अंदाज म्हणूनच फसतो. किती फोटो काढले त्यापेक्षा कुठले काढले याला महत्त्व आहे.

डीएसएकडे येऊ. समजा ७५ केव्ही, ४०० एमए आणि एका फ्रेमला ८० मिलिसेकंद. म्हणजे ३२ एमएएस, २,४०० ज्यूल, ३,३६० हीट युनिट. सेकंदाला ४ फ्रेम, ५ सेकंद, मास्क (डाय पोचण्याआधीची फ्रेम) धरून २० फ्रेम. एकूण ६७,२००. म्हणजे छातीचे शंभर फोटो पाच सेकंदांत!

समजा चकतीची क्षमता ३ लाख आहे आणि पडद्यावर ८० टक्के दिसतायत. बघणाऱ्याला वाटतं, अजून वीस टक्के जागा आहे, घ्या रन. वीस टक्के म्हणजे ६०,००० आणि रनला हवेत ६७,२००. सतराव्या फ्रेमनंतर रन तुटणार. शेवटच्या तीन फ्रेम गेल्या म्हणजे नेमका शिरांचा टप्पा गेला.

यावर उपाय दोन. एक म्हणजे थांबणं, त्याबद्दल खाली लिहितो. दुसरा म्हणजे फ्रेम वाटून घेणं. एक मास्क, धमन्या भरताना ३ सेकंद ४-४ फ्रेम, पुढचे ४ सेकंद एक-एक फ्रेम. एकूण १७ फ्रेम, ५७,१२०. रन पाचाऐवजी सात सेकंद चालला, शिराही दिसल्या, आणि काठावर का होईना बसला.

थांबण्याबद्दल. चकती निर्वातात फिरते, त्यामुळे ती मुख्यतः प्रारण करून निवते, आणि प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर चालतं. १,००० अंश सेल्सिअसची चकती ५०० अंशांच्या चकतीपेक्षा सुमारे सातपट वेगाने उष्णता टाकते. म्हणून कूलिंग कर्व्ह सुरुवातीला कड्यासारखा उतरतो आणि पुढे सपाट होतो. व्यवहारात याचा अर्थ असा की रन संपल्यावरचं पहिलं मिनिट सोन्याचं. तेवढ्यात कॅथेटर नीट करून घ्या, इंजेक्टर भरा, पुढचा अँगल लावा. आणि टक्के शून्यावर यायची वाट बघत बसू नका, तिथे कर्व्ह सपाट आहे, वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. पुढच्या रनला किती जागा लागणार तेवढी झाली की पुरे.

आपापल्या मशीनवर काय अनुभव आहेत ते लिहा. विशेषतः शिबिराच्या गाडीवाल्यांनी.

---

विटेकर – सोमवार, रात्री १०:२५

दादा, एक नंबर धागा. वाचनखूण साठवली.

आमच्याकडं हाडांच्या ऑपरेशनला सी-आर्म असतो. छोटा, स्थिर अॅनोडवाला. मांडीच्या हाडात रॉड घालताना सर्जन पायाचं पॅडल सोडतच नाहीत. अर्ध्या ऑपरेशनला मशीन बोंबलतं. सांगायला गेलं तर 'मशीन बदला' म्हणतात. आकडे मांडून सांगितलं तर ऐकतील असं वाटतंय. सी-आर्मचा हिशेब कसा मांडायचा?

---

कृष्णाकाठ – सोमवार, रात्री १०:५०

विटेकर, स्क्रीनिंगचा (पॅडल दाबून सलग बघण्याचा) हिशेब सोपा आहे. ७५ केव्ही आणि ३ एमए असेल तर सेकंदाला २२५ ज्यूल, म्हणजे ३१५ हीट युनिट. मिनिटाला सुमारे १९,०००. चकतीऐवजी तांब्यात बसवलेला टंगस्टनचा तुकडा आहे आणि त्याची क्षमता समजा ४०,००० आहे. निवणं धरलं नाही तर सलग पॅडलवर दोन मिनिटांच्या आसपास तो भरतो. तांबं उष्णता तेलाकडे वाहून नेतं म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त चालतं, पण तीच उष्णता हाउसिंगमध्ये जमते आणि दुसऱ्या ऑपरेशनला आडवी येते.

सर्जनना हे सांगा: पल्स मोड (सलगऐवजी तुटक किरण) लावून पल्स निम्म्या केल्या आणि प्रत्येक पल्सचा एमए तोच राहिला, तर उष्णता निम्मी, पेशंटचा डोस निम्मा, आणि त्यांच्या स्वतःच्या हातावर येणारे विखुरलेले किरणही निम्मे. रॉड पुढे सरकवताना पॅडल दाबायचं, हातोडा मारताना सोडायचं. लास्ट इमेज होल्ड असेल तर शेवटचं चित्र पडद्यावर राहतंच, ते बघायला किरण लागत नाहीत.

आणि डिटेक्टर पेशंटच्या जवळ आणा. चार बोटांवर आणला तर ऑटोमॅटिक ब्राइटनेसवाला सी-आर्म स्वतःहून एमए कमी करतो. डोसही कमी, उष्णताही कमी.

---

डॉक्टर सांगलीवाडी – सोमवार, रात्री ११:३०

रेडिओलॉजिस्ट म्हणून लिहितेय. हिशेब आधी मांडावा याला पूर्ण पाठिंबा. पण फ्रेम वाटून घेण्याबद्दल एक अट घालते.

जिथे रक्तप्रवाह वेगवान आहे, उदाहरणार्थ धमनी-शिरांचा गुंता असलेला रुग्ण, तिथे सेकंदाला ४ फ्रेमसुद्धा अपुऱ्या पडतात. तिथे तंत्रज्ञाने परस्पर फ्रेम कमी करू नयेत, आम्हाला विचारावं. याउलट आतड्यातला रक्तस्राव शोधताना रन लांब लागतो. रक्त बाहेर झिरपताना उशिराच्या फ्रेममध्येच दिसतं. मी तिथे १० सेकंद २-२ फ्रेम आणि पुढे १० सेकंद एक-एक फ्रेम मागते. कृष्णाकाठ यांच्याच आकड्याने ३० फ्रेम म्हणजे एक लाखाच्या वर. ३ लाखांच्या ट्यूबवर हा रन ६५ टक्क्यांच्या वर असताना सुरूच करायला नको. रक्तदाब घसरलेला पेशंट टेबलवर असताना तो अर्ध्यात तुटला तर परत घेण्याएवढा वेळ हाताशी असेलच असं नाही.

दुसरं, केव्ही वाढवण्याचा सल्ला मी बऱ्याचदा ऐकते. केव्ही १५ टक्के वाढवा, एमएएस निम्मा करा. हाडाच्या फोटोला ते छान लागू पडतं. ८५ केव्ही ८० एमएएसच्या जागी ९८ केव्ही ४० एमएएस केलं तर उष्णता ९,५०० वरून ५,५०० च्या आसपास येते, डोसही उतरतो. पण डीएसएत आपण आयोडीन बघत असतो. आयोडीनची के-एज (जिथे ते किरण एकदम जास्त शोषायला लागतं ती ऊर्जा) ३३.२ केईव्हीला आहे. केव्ही चढवत गेलात तर किरणांचा मोठा भाग तिच्या फार पुढे जातो आणि डाय फिका दिसायला लागतो. पोटरीच्या बारीक धमन्या मग दिसतच नाहीत. म्हणून डीएसएत उष्णता वाचवायची असेल तर आधी फ्रेम, मग डिटेक्टरचं अंतर, मग फोकस (इलेक्ट्रॉन आदळतात त्या ठिपक्याचा आकार), आणि सगळ्यात शेवटी केव्ही.

आपल्याकडे मधुमेहाचे किती रुग्ण पायाची अँजिओग्राफी करायला येतात ते तुम्ही रोज बघता. त्यातल्या कितीतरी जणांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडल्याची खूण) आधीच चढलेलं असतं. त्यांच्यासाठी एक तुटलेला रन म्हणजे फुकट गेलेले १०-२० मिलिलिटर कॉन्ट्रास्ट, म्हणजे डाय. मला या धाग्याचं मोल तिथे वाटतं.

---

अजून_शिकतेय – मंगळवार, सकाळी ७:१५

मी रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मिरजेत. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा.

टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतं असं पुस्तकात आहे. मग चकती तेवढी तापेपर्यंत धोका कसला? आणि सकाळी मशीन थंड असताना तर भरपूर जागा असते ना? मग वॉर्म-अप कशासाठी करायचा?

तिसरा प्रश्न, कॉलिमेटर (किरणांचा झोत आवळणाऱ्या पट्ट्या) बंद केला की ट्यूबवरचा भार कमी होतो का? आमच्यात यावरून वाद झालाय.

---

येरळा – मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, तिन्ही प्रश्न बरोबर जागेवरचे आहेत. मी सर्व्हिस इंजिनिअर आहे, कोल्हापूर-सांगली-सातारा फिरतो, जुन्या काढलेल्या ट्यूब उघडून बघितल्यात.

टंगस्टन वितळायची वाट बघावीच लागत नाही. एक्स्पोजरच्या क्षणी फोकल ट्रॅकचा पृष्ठभाग दोन-अडीच हजार अंशांपर्यंत उसळतो आणि खालचा भाग त्या मानाने थंडच असतो. वरचा थर फुगू बघतो, खालचा त्याला धरून ठेवतो. असं हजारो वेळा झालं की पट्ट्यावर बारीक भेगांचं जाळं तयार होतं. काढलेल्या चकतीवर नख फिरवलं तर नव्या चकतीसारखी गुळगुळीत लागत नाही, पट्ट्यावर खरखर लागते, वाळलेल्या गाळासारख्या भेगा साध्या डोळ्यांना दिसतात. या भेगा कमी व्हाव्यात म्हणूनच टंगस्टनमध्ये रेनियम मिसळतात. इलेक्ट्रॉन भेगेच्या तळाशी जाऊन आदळले की तिथून निघालेले किरण भेगेच्या भिंतीतच अडकतात. तेवढेच फॅक्टर (केव्ही, एमएएस), फोटो मात्र फिका. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणे दोन वर्षांतून एकदा क्यूए, म्हणजे मशीनची गुणवत्ता तपासणी, करावंच लागतं, त्यात आउटपुट घटत चाललेलं दिसलं तर मला पहिला संशय या भेगांचा येतो.

थंड चकतीचं म्हणाल तर तिथे तडा जायची भीती जास्त. रात्रभर थंड पडलेल्या चकतीवर एकदम कंबरेचा फोटो मारला की पृष्ठभाग आणि गाभा यांच्यातला फरक फार मोठा पडतो. म्हणून सकाळी कंपनीने दिलेला वॉर्म-अप करायचाच. कोमट चकती ही सगळ्यात सुखी चकती. कृष्णाकाठ यांनी शून्यावर यायची वाट बघू नका म्हटलंय, ते या कारणानेही बरोबर आहे.

कॉलिमेटर: नाही. कॉलिमेटर किरण निघाल्यावर अडवतो. ट्यूबच्या आत जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. पेशंटसाठी कॉलिमेशन हवंच, प्रश्नच नाही. पण त्याने ट्यूब निवत नाही. ऑटोमॅटिक एक्स्पोजरवर तर फील्ड लहान केल्याने विखुरलेले किरण कमी पोचतात आणि मशीन एमएएस थोडा वाढवू शकतं. तांब्याच्या फिल्टरचंही तसंच. पेशंटच्या त्वचेवरचा डोस उतरतो, ट्यूबला मात्र जास्त राबावं लागतं. तरी फिल्टर काढू नका हो कुणी! तो भार हिशेबात धरा, एवढंच.

आता फोकस आणि वेग. छोटा फोकस ०.६ मिलिमीटरचा आणि मोठा १.२ चा असेल, तर छोट्यावर तीच वीज फार कमी जागेत पडते, म्हणून त्याची किलोवॅटची मर्यादा मोठ्याच्या निम्म्याच्याही खाली असू शकते. इथे चकतीत किती टक्के जागा आहे याचा काही संबंध नाही. चकती १० टक्क्यांवर असतानाही छोट्या फोकसवर एक जड एक्स्पोजर ट्रॅक जाळू शकतं. तीन घड्याळं वेगळी म्हणतात ती अशी.

फिरण्याचा वेग पण बघा. आपल्या ५० हर्ट्झवर साधा रोटर (चकती फिरवणारा भाग) मिनिटाला जवळपास ३,००० फेरे मारतो, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा. हाय स्पीडला ९,००० च्या आसपास, एक फेरा सात मिलिसेकंदांहून कमी. वेग तिप्पट केला की एका एक्स्पोजरला सोसायची ताकद वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते, दीडपटीहून जास्त. सीरियल कामाला हाय स्पीड लागतो तो यासाठी. चकती फिरवायची कल्पनाच मुळी उष्णतेपायी आली. कूलिजने १९१३ साली तापत्या फिलामेंटची ट्यूब केली, पण तिचा अॅनोड एका जागी घट्ट होता. फिरत्या अॅनोडची फिलिप्सची रोटालिक्स बाजारात आली १९२९ ला.

---

माणदेशी – मंगळवार, दुपारी १:४०

शिबिराच्या गाडीवाल्यांना हाक मारलीय म्हणून लिहितो. आमची गाडी आटपाडी, जत, कवठे महांकाळ भागात असते. साखर कारखान्याचे कामगार, मार्केट यार्डातले हमाल, कधी ग्रामपंचायतीपुढं सगळं गाव. सगळे छातीचेच फोटो. तुमच्या हिशेबानं शंभर फोटो म्हणजे ६७,०००, ते पण तीन-चार तासांत. चकतीला काहीच नाही. तरी आमची ट्यूब उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमाराला थांबतेच. हाउसिंगला हात लावला तर चटका. हे कसं काय?

आमच्यातली पोरं टॉवेल ओला करून हाउसिंगवर टाकतात. चालतं का?

---

येरळा – मंगळवार, दुपारी २:२०

ओला टॉवेल आत्ताच्या आत्ता काढायला सांगा. हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना हाय टेन्शन केबल शिरतात. त्या खोबणीत पाणी उतरलं तर आर्किंग होईल, ट्यूब जाईल आणि माणसाला शॉक बसायचीही भीती. बर्फाच्या पिशव्या पण नकोत, त्यांनाही घाम फुटतोच. टेबल फॅन लांबून हाउसिंगवर सोडा, त्याने काही बिघडत नाही आणि फरक पडतो.

आता मूळ प्रश्न. चकतीवर छातीचा भार नगण्य, हे बरोबर. मग हाउसिंग कशाने तापतं? रोटरने. प्रत्येक वेळी प्रेप (फोटोआधी ट्यूब तयार करायचं बटण) दाबला की रोटर शून्यावरून उचलायला स्टेटरला (रोटर फिरवणाऱ्या तारांच्या गुंडाळीला) जोराचा बूस्ट जातो, हाय स्पीड असेल तर थांबवताना ब्रेकचाही करंट जातो. ही सगळी उष्णता स्टेटरच्या तारांमध्ये, म्हणजे हाउसिंगच्या तेलातच जाते. फिलामेंट तापवायची वीज वेगळी. छातीच्या एका फोटोला ४८० ज्यूल लागतात आणि त्यासाठी रोटर उचलायला त्याहून कितीतरी जास्त खर्च होऊ शकतात. वर गाडीच्या पत्र्याखाली ४० अंशांच्या पुढची हवा. तेलानं निवायचं कुठं?

तेल तापलं की प्रसरण पावतं, आतला बेलोज (भात्यासारखा लवचिक भाग) दाबला जातो, बेलोज मायक्रोस्विचवर टेकला की एक्स्पोजर बंद. तुमच्या दुपारच्या दोनचं कारण हेच असणार.

काय करता येईल: पेशंट उभा राहून, हनुवटी टेकवून, खांदे पुढे करून तयार झाल्याशिवाय प्रेपला हात लावू नका. 'श्वास घ्या, धरा' हे आधी समजावून घ्या, मग प्रेप. आमच्या भागात म्हातारी माणसं पहिल्यांदा श्वास धरतच नाहीत, तालीम करून घ्यावी लागते. ती तालीम प्रेप धरून होते तेव्हा रोटर उगाच फिरतो, फिलामेंट पूर्ण तापून झिजत राहतं आणि बेअरिंग खातं. बेअरिंगला आत तेल-ग्रीस चालत नाही, निर्वात आहे, चांदी किंवा शिशाचा पातळ मुलामा असतो. तो एकदा गेला की ट्यूब घरघरायला लागते.

गाडी झाडाच्या सावलीत, आणि ट्यूबची बाजू उन्हाकडे नको.

---

माणदेशी – मंगळवार, दुपारी ३:०५

टॉवेल काढला. पोरांना धागा वाचून दाखवला. प्रेप धरून श्वासाची तालीम घ्यायची सवय आमच्याकडं हायच. आता रांगेतल्या पुढच्या चौघांना बाहेर सावलीतच शिकवून आत सोडायचं ठरवलंय.

---

विटेकर – मंगळवार, रात्री ९:१०

येरळा साहेब, एक राहिलं. ऑपरेशनला सी-आर्मच्या ट्यूबला निर्जंतुक प्लॅस्टिकचं कव्हर चढवतात. ते गच्च बांधतात. त्यानं पण तापत असेल ना?

आणि आमच्याकडं एक जण म्हणतो की मशीन फार तापलं की सरळ मेन स्विच बंद करायचा, म्हणजे लवकर निवतं.

---

येरळा – मंगळवार, रात्री ९:४५

कव्हर लागतंच, त्यावर तडजोड नाही. पण ते सैल ठेवा, हवा खेळायची फट हाउसिंगमागे राहू द्या, आणि दोन ऑपरेशनच्या मधे काढून ठेवा. बऱ्याच ठिकाणी जुनं कव्हर पुढचा पेशंट येईपर्यंत तसंच असतं.

मेन स्विच: ज्या मशीनला पंखा, तेलाचा पंप किंवा चिलर आहे, तिथे बंद केलं की निववणारी यंत्रणाच बंद होते. कॅथ लॅब आणि सीटीला तर हे पक्कं ध्यानात ठेवा. तिथल्या ट्यूबची क्षमता काही दशलक्ष हीट युनिटची असते, चकती सहसा अडत नाही, अडतं ते पुढे उष्णता बाहेर नेणं. लाइट जाऊन जनरेटर उचलला आणि चिलर त्या जोडणीवर नसला, तर मशीन चालू दिसतं पण तेल तापत जातं. सांगलीत उन्हाळ्यात अशा तक्रारीवर गेलो की मी आधी चिलरची लाइन कुठून घेतलीय ते बघतो. मोठ्या केसनंतर मशीन निदान अर्धा तास स्टँडबायवर चालू राहू द्यावं.

आणि सगळ्यांना हात जोडून सांगतो, 'थोडा वेळ थर्मल स्विच बायपास करा' असं इंजिनिअरला सांगू नका आणि कुणी करून देत असेल तर करू देऊ नका. तापलेल्या तेलाला जायला जागा नसेल तर ते सील फोडून खाली येतं, आणि खाली पेशंट असतो.

---

अजून_शिकतेय – मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉलिमेटरचा वाद मिटला, वर्गात वाचून दाखवणार आहे.

टीबीच्या तपासणीला हातात धरायचं छोटं बॅटरीचं मशीन येतं, त्याला पण हाच हिशेब का? ते दोन फोटोंच्या मधे आपोआप थांबतं.

---

कृष्णाकाठ – मंगळवार, रात्री ११:००

हाच हिशेब, ताई. त्यात स्थिर अॅनोड असतो, एमए अगदी कमी आणि तेलही थोडंच. म्हणून कंपनी एक्स्पोजरच्या वेळेच्या कितीतरी पट विश्रांती सक्तीची करते. त्या विश्रांतीत मशीन खराब झालं असं समजून बटण दाबत राहू नका. तेवढ्यात पुढच्या माणसाला उभं करा, नोंद लिहा.

डॉक्टर मॅडमनी सांगितलेला रक्तस्रावाचा रन मी आमच्या तक्त्यात घेतला. तक्ता असा करतोय: नेहमीचे सहा-सात रन, प्रत्येकाच्या फ्रेम, एकूण हीट युनिट, आणि शेवटच्या रकान्यात 'इतक्या टक्क्यांच्या वर असेल तर सुरू करू नका'. कंट्रोल रूमच्या काचेवर चिकटवायचा, म्हणजे ऐनवेळी गुणाकार करावा लागणार नाही. फॅक्टर प्रत्येक मशीनचे वेगळे, त्यामुळे माझे आकडे उचलून आपल्याकडे लावू नका. आपल्या कन्सोलवर मागच्या रनचे केव्ही, एमए आणि मिलिसेकंद साठवलेले असतात, त्यावरून स्वतःचे काढा. जाड पेशंटचा एक रन आणि बारीक पेशंटचा एक रन, दोन्हींचे काढा. फरक मोठा येतो.

तीन लाखांच्या आसपासच्या ट्यूबचा कूलिंग कर्व्ह ज्यांच्याकडे मशीनच्या पुस्तकात आहे, त्यांनी १००, ७५, ५० आणि २५ टक्क्यांवर यायला लागणारी मिनिटं इथे टाका. तक्त्यात 'किती थांबायचं' हा रकाना भरायचा राहिलाय.